पदवी द्याच, पण आधी वाक्यावाक्याचा हिशेब मागा

पत्रकारितेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची आखणी करणाऱ्या अभ्यास मंडळांच्या सर्व सदस्यांना,

सप्रेम नमस्कार.

मी बरीच वर्षं बातमीदारी केली, नंतर डेस्कवर काम केलं आणि आता पत्रकारितेच्या एम.ए.च्या मुलामुलींना शिकवते. हे पत्र तुम्हाला खासगीतही पाठवता आलं असतं. पण प्रश्न ज्यांच्या आयुष्यातल्या दोन वर्षांचा आहे त्या विद्यार्थ्यांनाही ते वाचता यावं, म्हणून उघड लिहिते आहे.

मागणी एकच आहे, ती आधीच सांगून टाकते. मास्टर्सच्या शेवटच्या सत्रात आपण विद्यार्थ्यांकडून लघुप्रबंध घेतो. त्याच्या जागी स्वतः हिंडून, माणसांना भेटून, कागदपत्रं मिळवून केलेलं एक मोठं वार्तांकन घ्या. ते तपासताना भाषा, मांडणी आणि पानांची संख्या नंतर बघा. आधी हे बघा, की त्यातलं प्रत्येक वाक्य कशाच्या आधारावर लिहिलं आहे. तो आधार विद्यार्थ्यानं दाखवावा, परीक्षकानं पडताळावा आणि तो पडताळल्याशिवाय पदवी देऊ नये.

आज काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. विषय ठरतो: अमुक दैनिकातील तमुक प्रश्नाच्या बातम्यांचे आशय विश्लेषण. विद्यार्थी तीन महिन्यांचे अंक काढतो, बातम्या मोजतो, कॉलमची लांबी मोजतो, सकारात्मक किती आणि नकारात्मक किती याचे तक्ते करतो. साहित्याचा आढावा, गृहीतकं, निष्कर्ष, शिफारशी, सोनेरी अक्षरांचं बाइंडिंग. आशय विश्लेषण ही चांगली पद्धत आहे आणि ज्याला पुढे संशोधनात जायचं आहे त्यानं ती जरूर शिकावी. माझा आक्षेप वेगळा आहे. ज्या मुलीला उद्या बातमीदार व्हायचं आहे तिचे शिक्षणातले शेवटचे सहा महिने दुसऱ्यांनी लिहिलेल्या बातम्या मोजण्यात जातात. त्या बातम्या खऱ्या होत्या का, हा प्रश्न त्या प्रबंधात एकदाही येत नाही. ती कोणत्या कार्यालयाची पायरी चढत नाही, कुणी तिला नकार देत नाही, कुणाचं म्हणणं दुसऱ्याच्या म्हणण्याशी जुळत नाही म्हणून तिची झोप उडत नाही. आणि तरी तिला पत्रकारितेतली सर्वांत वरची व्यावसायिक पदवी मिळते.

'पत्रकार जन्मावा लागतो, तो वर्गात घडत नाही' हे वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकलेलं आहे. ते शंभर वर्षांहून जुनं आहे. न्यूयॉर्कच्या 'वर्ल्ड' या दैनिकाचे मालक जोसेफ पुलित्झर यांनी पत्रकारितेच्या शाळेसाठी कोलंबिया विद्यापीठाला २० लाख डॉलर देऊ केले, तेव्हा त्यांच्यापुढेही हाच आक्षेप ठेवला गेला. १९०४ मध्ये 'नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू' या नियतकालिकात त्यांनी त्याला सविस्तर उत्तर दिलं. केवळ जन्माच्या बळावर माणसाला निभावून नेता येईल अशी एकच जागा आपल्याला दिसते आणि ती मूर्खाची, असं त्यांनी त्यात लिहिलं. बाकी प्रत्येक कामासाठी शिकावं लागतं. काय शिकवायचं तेही त्यांनी सांगितलं: कायदा, नीतिशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, भाषा, विज्ञान. हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स इलियट यांनी या शाळेसाठी सुचवलेल्या आराखड्यात जाहिरात, वितरण अशी धंद्याची अंगंही होती. पुलित्झरना ती त्या शाळेत नको होती. स्वतः मोठ्या खपाच्या वर्तमानपत्राचा मालक असलेला माणूस हे म्हणत होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आज एकाच मास्टर्समध्ये बातमीदारी, जाहिरात, जनसंपर्क आणि कार्यक्रम व्यवस्थापन कोंबलं जातं. एका सत्रात प्रेसनोट लिहायला शिकायचं आणि पुढच्या सत्रात प्रेसनोटवर शंका घ्यायला, हे एकाच पदवीत नीट होत नाही. त्यावर स्वतंत्र पत्र लिहावं लागेल, म्हणून इथे थांबते.

'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकरांचं नावही या वादात घेतलं जातं. त्यांच्याकडे कुठे होती पत्रकारितेची पदवी? नव्हतीच. १८३२ मध्ये अशी पदवी जगात कुठेच नव्हती. पण गणित, खगोल, इतिहास आणि अनेक भाषा यांचा ज्यानं कसून अभ्यास केला होता, अशा माणसानं मराठीतलं पहिलं वृत्तपत्र काढलं. म्हणजे हे उदाहरण शिक्षणाच्या बाजूचं आहे.

पुलित्झर यांची शाळा त्यांच्या मृत्यूनंतर, १९१२ मध्ये सुरू झाली आणि १९३५ पासून तिथे फक्त पदव्युत्तर विद्यार्थी घेतले जाऊ लागले. पण माझ्या मागणीच्या जवळचं उदाहरण त्याआधीचं आहे. १९०८ मध्ये वॉल्टर विल्यम्स यांनी अमेरिकेतल्याच मिझुरी विद्यापीठात पत्रकारितेची शाळा काढली. पहिला वर्ग भरला त्याच दिवशी, १४ सप्टेंबरला, विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्राचा पहिला अंक निघाला. ते विद्यापीठाचं वार्तापत्र नव्हतं. गावच्या लोकांनी वाचायचं, गावच्या बातम्या देणारं वर्तमानपत्र होतं. पहिल्या दिवसापासून विद्यार्थ्याच्या लिहिण्याला खरा वाचक मिळाला. खऱ्या वाचकासमोर नाव चुकलं, पत्ता चुकला, आकडा चुकला तर कुणीतरी विचारणारच. लघुप्रबंधातला चुकलेला आकडा मात्र ग्रंथालयाच्या मांडणीवर वर्षानुवर्षं सुखरूप राहतो. मिझुरीनं पुढे १९२१ मध्ये पत्रकारितेची मास्टर्स पदवीही दिली. ब्रिटनमध्ये पदव्युत्तर अभ्यासक्रम यायला १९७० उजाडलं. कार्डिफमध्ये तो सुरू करणारे टॉम हॉपकिन्सन स्वतः नावाजलेले संपादक होते. शाळा कुठलीही असो, काम करता करता शिकणं हे या शिक्षणाच्या मुळाशीच होतं.

आता तुमच्यापैकी कुणी म्हणेल, की वार्तांकन करायला लावलं म्हणून माणूस खरं लिहील असं थोडंच आहे? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर टाळून पुढे जायचं नाही.

जॅनेट कुक या बातमीदारानं सप्टेंबर १९८० मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये आठ वर्षांच्या, हेरॉइनच्या आहारी गेलेल्या एका मुलाची कहाणी लिहिली. शहर हादरलं, पोलिसांनी त्या मुलाचा शोध घेतला, तो सापडला नाही. १९८१ च्या एप्रिलमध्ये त्या कहाणीला पुलित्झर पारितोषिक, म्हणजे त्याच जोसेफ पुलित्झर यांच्या नावाचा अमेरिकी पत्रकारितेतला मोठा सन्मान, जाहीर झालं आणि अवघ्या काही दिवसांत सगळं कोसळलं. मुलगा नव्हताच. हे उघड कसं झालं ते पाहा. पारितोषिकाच्या निमित्तानं तिची ओळख छापून आली. तिनं आधी जिथे काम केलं होतं त्या टोलिडो शहरातल्या वर्तमानपत्रातल्या लोकांना त्यातले शिक्षणाचे तपशील जुळेनासे वाटले. तिनं मास्टर्स पदवी सांगितली होती, ती तिच्याकडे नव्हती. पदवी तपासली गेली तेव्हा बातमीचं बिंग फुटलं. बातमी तपासणं त्याआधी शक्य होतं. त्या मुलाचं नाव आणि पत्ता वरिष्ठांनी आग्रहानं विचारलाच नव्हता. गोपनीयतेचा शब्द दिला आहे, यावर ते थांबले होते.

दुसरं उदाहरण उलट्या बाजूचं आहे आणि आपल्याला जास्त अस्वस्थ करणारं आहे. जर्मनीच्या 'श्पीगल' साप्ताहिकातला क्लास रेलोटियस हा अनेक पुरस्कार मिळवलेला बातमीदार. डिसेंबर २०१८ मध्ये उघड झालं, की त्याच्या लेखांमधली माणसं, प्रसंग, संवाद मोठ्या प्रमाणावर रचलेले होते. त्याच्याकडे पत्रकारितेची मास्टर्स पदवी होती, खरीखुरी. आणि 'श्पीगल'कडे तथ्य तपासणारा मोठा, नावाजलेला विभाग होता. तरीही हे निसटलं, कारण असा विभाग सनावळी, आकडे, पदनामं, नकाशे तपासू शकतो. जे फक्त बातमीदारानंच पाहिलं आणि ऐकलं, ते कोण तपासणार? अमेरिकेतल्या फर्गस फॉल्स या छोट्या गावाबद्दल त्यानं लिहिलं होतं, की तिथल्या नगर प्रशासकानं कधी समुद्रच पाहिलेला नाही. गावातल्या दोघांनी त्या लेखातल्या खोट्या गोष्टींची यादी करून मांडली, त्यात हेही होतं. प्रशासकाला एक फोन केला असता तर ते वाक्य छपाईआधीच गळून पडलं असतं. सहकारी हुआन मोरेनो यानं संशय आल्यावर स्वतः जाऊन माणसं शोधली, तेव्हा प्रकरण बाहेर आलं.

म्हणून मी प्रामाणिकपणाचा पेपर सुरू करा असं म्हणत नाही. नीतिशास्त्राचा पेपर आपल्याकडे आहेच आणि त्यात बहुतेकांना चांगले गुण पडतात. मी पडताळणीची रीत मागते आहे: तपासणारा उठून फोन लावेल, कागद बघेल, ज्याचं विधान छापलं त्याला विचारेल. विद्यार्थ्याला हे होणार आहे हे पहिल्या दिवसापासून माहीत असेल, तर तो नोंदी वेगळ्या ठेवतो, प्रश्न वेगळे विचारतो. सवय अशीच लागते.

अशी पडताळणी एखाद्या शाळेला किती चांगली करता येते, याचा दाखला आपल्यासमोर आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये अमेरिकेतल्या 'रोलिंग स्टोन' या पाक्षिकानं व्हर्जिनिया विद्यापीठातल्या कथित सामूहिक बलात्काराविषयी दीर्घ लेख छापला. तपशील टिकेनात तेव्हा पाक्षिकानं कोलंबियाच्या पत्रकारिता शाळेला चौकशी करायला सांगितलं. डीन स्टीव्ह कोल, प्राध्यापक शीला कोरोनेल आणि तरुण संशोधक डेरेक क्रॅव्हिट्झ यांनी बातमीच्या तयारीतला एकेक टप्पा तपासला. एप्रिल २०१५ मध्ये अहवाल आला आणि पाक्षिकानं लेख मागे घेतला. त्या रात्री तक्रार करणाऱ्या मुलीला भेटलेल्या तीन मित्रांची विधानं लेखात अवतरणचिन्हांत होती, पण लेखिका त्या तिघांपैकी कुणाशीही बोलली नव्हती. ती विधानं मुलीनंच सांगितलेली होती. हा अहवाल मी प्रत्येक तुकडीला वाचायला लावते. अत्याचाराची तक्रार करणाऱ्या बाईशी संवेदनशीलतेनं वागणं आणि तिनं सांगितलेलं ताडून पाहणं यात विरोध नाही. ताडून पाहिलं नाही तर तिचीच सर्वांत जास्त हानी होते, हे त्यातून जसं समजतं तसं कुठल्या व्याख्यानातून समजत नाही.

आता वर्गात हे प्रत्यक्ष कसं दिसतं ते सांगते, म्हणजे मागणी हवेतली वाटणार नाही.

मी फळ्यावर एक वाक्य लिहिते: 'रुग्णालयात ५० नव्या खाटा वाढल्याने रुग्णांची गैरसोय दूर झाली आहे.' अशी वाक्यं रोज छापून येतात. मग एकेक शब्द धरून विचारायचं, हे तुला कसं कळलं? ५० हा आकडा कुठून आला? प्रेसनोटमधून. प्रेसनोट काढणाऱ्यानं खाटा मोजल्या होत्या का? की मंजुरीच्या कागदावरचा आकडा उचलला? मंजूर खाट, गोदामात आलेली खाट, वॉर्डात लावलेली खाट आणि जिच्यावर रुग्णावर उपचार होऊ शकतात अशी खाट, या चार वेगळ्या गोष्टी आहेत. चौथीसाठी गादी लागते, ऑक्सिजनची जोडणी लागते, परिचारिका लागते, राउंडला येणारा डॉक्टर लागतो. पुढे, 'नव्या' म्हणजे नव्या आल्या की दुसऱ्या मजल्यावरून हलवल्या? हलवल्या असतील तर तिथे किती उरल्या? आणि 'गैरसोय दूर झाली' हे कुणी सांगितलं? रुग्णांनी, की उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनी? कुणाला कुठल्या वेळी विचारलं? सकाळी अकराला वॉर्ड वेगळा दिसतो, रात्री दोनला वेगळा. बहुतेक रुग्णालयांत मध्यरात्रीच्या सुमारास वॉर्डातल्या रुग्णांची मोजणी होऊन नोंद होते, ही गोष्ट मुलांना ठाऊकच नसते. मागच्या काही महिन्यांची ती नोंद मिळाली तर खाटांवर ताण किती होता आणि आता किती आहे, हे कुणाच्या मताशिवाय सांगता येतं.

समजा, इतकं सगळं केल्यावर वाक्य असं झालं: 'रुग्णालयाला ५० वाढीव खाटा मंजूर झाल्या आहेत. त्यांपैकी ३२ वॉर्डात लावल्या आहेत. रात्रपाळीच्या परिचारिकांची संख्या मात्र पूर्वीइतकीच आहे.' आणि शेजारच्या रकान्यात नोंद: ५० साठी मंजुरीचा आदेश, त्याची तारीख आणि पान, ३२ साठी स्वतः मोजल्याची वेळ आणि वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरचा दुजोरा, परिचारिकांसाठी आधीच्या आणि आताच्या महिन्याचं ड्यूटीपत्रक. पहिलं वाक्य म्हणजे दुसऱ्याचा निरोप होता. या वाक्यात बातमी आहे. भाषा अलंकारिक नाही, पण ते कुणी खोडू शकत नाही.

मास्टर्सच्या अंतिम कामात अशी काही शे वाक्यं असतील आणि प्रत्येकासमोर असा रकाना असेल. हाच माझा लघुप्रबंध. यात संशोधन नाही असं कोण म्हणेल?

तुमच्यातल्या काहींचा आक्षेप मी ऐकला आहे, की विद्यापीठाच्या पदवीत संशोधनपद्धती असलीच पाहिजे, नाहीतर ते प्रशिक्षण केंद्र होईल. माझं म्हणणं आहे, संशोधनपद्धती ठेवाच, पण ती बातमीच्या कामाला लावा. फिलिप मायर या बातमीदारानं १९६६-६७ हे वर्ष हार्वर्डमध्ये फेलो म्हणून समाजशास्त्राच्या पद्धती शिकण्यात घालवलं. १९६७ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात भीषण दंगल झाली. दंगल कुणी केली, यावर सगळ्यांची मतं तयार होती: शिक्षण अर्धवट सोडलेल्या, तळातल्या लोकांनी. मायर यांनी 'डेट्रॉइट फ्री प्रेस'साठी मिशिगन विद्यापीठातल्या समाजशास्त्रज्ञांच्या मदतीनं दंगलग्रस्त भागातल्या ४३७ कृष्णवर्णीय रहिवाशांचं शास्त्रशुद्ध सर्वेक्षण केलं. महाविद्यालयात गेलेल्यांचा दंगलीत भाग घेण्याचा संभव शाळा सोडलेल्यांइतकाच निघाला. अमेरिकेच्या दक्षिण भागातून आलेले स्थलांतरित लोक जबाबदार, हाही समज टिकला नाही. दैनिकाला त्या वार्तांकनासाठी १९६८ चं पुलित्झर मिळालं. नमुना निवड, प्रश्नावली, तक्ते हे सगळं आपल्या अभ्यासक्रमात आहेच, पण ते परीक्षेपुरतं पाठ होतं. तीच मुलगी दुसऱ्या दिवशी इंटर्नशिपवर गेली, की १,००० लोकांच्या पाहणीत एकाला ४२ आणि दुसऱ्याला ४० टक्के मिळाले म्हणून 'आघाडी' असा मथळा देते. एवढ्या नमुन्यात आकडा दोन्ही बाजूंना साधारण तीन टक्क्यांनी चुकू शकतो, म्हणून दोन टक्क्यांच्या फरकाला आघाडी म्हणता येत नाही, हे तिनं पेपरात लिहिलेलं असतं. पेपर आणि मथळा यांची गाठ घालून देणं हे आपलं काम आहे.

दोन वर्षांत हे जमेल का? वृत्तपत्राच्या कार्यालयात तर आता ते मुळीच जमत नाही, म्हणून दोन वर्षांत जमवायलाच हवं. पूर्वी डेस्कवर कुणीतरी ज्येष्ठ उपसंपादक असायचा. तो कॉपी परत द्यायचा, 'हा आकडा कुठला?' म्हणून तुम्हाला उभं करायचा. आता बातमी लिहिणारा, फोटो टाकणारा, मथळा देणारा आणि ती वेबसाइटवर चढवणारा बहुधा एकच असतो आणि त्याला पुढची बातमी अर्ध्या तासात द्यायची असते. नोकरी लागल्यावर एका बातमीसाठी चार महिने कुणीही देणार नाही. ते चार महिने मास्टर्समध्येच मिळू शकतात, आणि आपण ते कॉलमची लांबी मोजण्यात खर्च करतो.

परीक्षकांच्या वेळेचा प्रश्न खरा आहे. पन्नास-साठ विद्यार्थ्यांचं प्रत्येक वाक्य एक परीक्षक तपासू शकणार नाही. त्याला उपाय आहे. प्रत्येक विद्यार्थ्याला वर्गातल्या दुसऱ्या एकाचं काम तपासायला द्या आणि त्या तपासणीलाही गुण ठेवा, चांगले भरघोस. दुसऱ्याची चूक शोधताना माणूस जे शिकतो ते स्वतःचं लिहिताना शिकत नाही. परीक्षकानं मग कुठलीही चार पानं उघडावीत, त्यावरची वाक्यं निवडावीत, यादीतल्या दोन-तीन माणसांना फोन लावावा. तोंडी परीक्षेत 'प्रसारमाध्यमांची भूमिका' विचारू नये. 'पान ११ वरचा हा आकडा दाखव' असं म्हणावं. आधार सापडला नाही तर वाक्य खोडायला लावावं आणि दुरुस्ती लिहून घ्यावी. छापलेली चूक कबूल करणारी चार ओळींची नेमकी दुरुस्ती लिहिणं हेसुद्धा शिकवावं लागतं. आज त्यासाठी एक तासही नाही. आणि माणूसच रचलेला निघाला, विधानच रचलेलं निघालं, तर पदवी नाही. इथे सवलत नको.

गोपनीय सूत्रांचं काय, हा प्रश्न नाजूक आहे आणि त्यावर तुम्हीच नीट नियम करावेत. माझ्या मते नावं फक्त मार्गदर्शकाला माहीत असावीत, हिशेबाच्या फाइलमध्ये खुणेचे आकडे असावेत आणि फाइल ठरावीक काळानं नष्ट करावी. पण मार्गदर्शकालासुद्धा नाव सांगायचं नाही, ही मुभा विद्यार्थ्याला देऊ नये. कुकच्या प्रकरणात नेमकं तेच घडलं होतं.

यंत्राकडून, म्हणजे एआयकडून, लिहून घेण्याची जी भीती सध्या सगळ्या विभागांत आहे, तिच्यावरही याहून चांगला इलाज मला दिसत नाही. साहित्याचा आढावा यंत्र काही मिनिटांत लिहून देतं, नसलेल्या संदर्भांसकट. मे २०२५ मध्ये 'शिकागो सन-टाइम्स'बरोबर वाटलेल्या एका पुरवणीत उन्हाळी वाचनासाठी १५ पुस्तकांची शिफारस होती. त्यातली १० पुस्तकं अस्तित्वातच नव्हती. लेखक खरे, पुस्तकं यंत्रानं रचलेली. ही यादी वाचकांपर्यंत पोचेपर्यंत एकाही पुस्तकाचा शोध कुणी घेतला नव्हता. यंत्राची भाषा पकडणाऱ्या सॉफ्टवेअरवर पैसे घालण्यापेक्षा 'हे तुला कसं कळलं?' हा प्रश्न विचारणारा परीक्षक नेमा. वॉर्डात जाऊन खाटा मोजणं यंत्राला अजून तरी जमत नाही.

एक गोष्ट मात्र मंडळानंच करायची आहे, विद्यार्थ्याला ती जमणार नाही. आपल्या मुलांकडे कुठल्या वर्तमानपत्राचं ओळखपत्र नसतं. कार्यालयात गेली की त्यांना दारातूनच परत पाठवतात. विभागानं सहीशिक्क्याचं पत्र द्यावं, माहिती अधिकाराच्या अर्जांचं शुल्क आणि प्रवासाचा खर्च यांसाठी थोडी तरतूद करावी, एका वकिलाचा सल्ला मिळण्याची सोय करावी. कुणी धमकावलं, बदनामीची नोटीस पाठवली, तर विद्यार्थ्याच्या वतीनं उत्तर विभागप्रमुखानं द्यावं. हे आधी ठरवून लेखी ठेवलं नाही, तर मुलं बिनधोक विषय निवडतील आणि त्यांना दोष देता येणार नाही. मुलींच्या बाबतीत रात्रीचं वार्तांकन, एकटीनं प्रवास यांचाही विचार हवा. तो करताना 'मुलींनी असे विषय घेऊ नयेत' हा सोपा मार्ग कृपया निवडू नका. दोघीदोघींची जोडी द्या, येण्याजाण्याची सोय करा.

ज्यांना पीएच.डी. करायची आहे त्यांच्यासाठी लघुप्रबंधाचा पर्याय राहू द्या. जगातल्या अनेक पत्रकारिता शाळांत व्यावसायिक प्रकल्प आणि प्रबंध असे दोन रस्ते शेजारी शेजारी आहेत, मिझुरीतही आहेत. बंद काही करायचं नाही. आज ज्या मुलांना बातमीदार व्हायचं आहे त्यांच्यासाठी रस्ता नाही, तो उघडायचा आहे.

तुमच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा, ही विनंती. पडताळणीच्या रकान्याचा नमुना, गुणांची विभागणी आणि परस्पर तपासणीचे नियम यांचा कच्चा मसुदा मी तयार ठेवला आहे. मागाल त्याला पाठवते. बैठकीला शेवटच्या वर्षातल्या दोन-तीन विद्यार्थ्यांनाही बोलवा. लघुप्रबंधासाठी त्यांनी सहा महिन्यांत किती माणसांना प्रश्न विचारले, एवढंच त्यांना विचारा आणि मग चर्चा सुरू करा.

आपली,
पत्रकारितेची एक शिक्षिका